भांडारातील भांडार : संगणकीय आज्ञावलीचा पुनर्वापर आणि पाठनिश्चितीचा प्रश्न

१

एखाद्या जुन्या ग्रंथातील ओवी आधारास घ्यावयाची झाल्यास ती कोणत्या पोथीतील, कोणत्या संपादकाने सिद्ध केलेल्या प्रतीतील, हा प्रश्न आपण सर्वप्रथम विचारतो. तो न विचारता केलेले विवेचन अभ्यासक ग्राह्य मानीत नाहीत. परंतु ज्या संगणकीय साधनांच्या साहाय्याने आज ग्रंथांच्या शब्दसूची तयार होतात, एका लिपीतील मजकूर दुसऱ्या लिपीत उतरविला जातो, किंवा तमिळ कथेचा मराठी खर्डा क्षणार्धात हाती येतो, त्या साधनांविषयी हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः ही साधनेही कोणीतरी लिहिलेलीच असतात. त्यांनाही कर्ते असतात, प्रती असतात, दुरुस्त्या असतात आणि पाठभेदही असतात. शिवाय, बहुतेक साधनांच्या पोटात दुसऱ्याने रचलेली साधने वसलेली असतात. ही उसनवारी कशी केली जाते आणि तिची नोंद कशी ठेवली जाते, एवढ्याच एका बाबीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विचारासाठी चेन्नई येथील एक उदाहरण घेतले आहे. तमिळ देशात मराठी मजकुराची जोपासना व्हावी ही गोष्ट नवी नाही. तंजावरच्या सरस्वती महालातील मराठी हस्तलिखिते तिची साक्ष देतात. आज चेन्नईतील मद्रास आयआयटीमध्ये ‘एआय-फॉर-भारत’ ही संशोधनशाळा भारतीय भाषांसाठी भाषांतराची व वाणीची साधने तयार करीत आहे. तेथे २०२२ साली नीलेकणी केंद्र स्थापन झाले. त्यापूर्वी, २०२१ साली, या संशोधकांनी ‘इंडिकट्रान्स’ नावाची भाषांतरप्रणाली प्रसिद्ध केली. इंग्रजी आणि अकरा भारतीय भाषा यांच्यामध्ये भाषांतर करणाऱ्या या प्रणालीत मराठीचा समावेश होता. २०२३ साली आलेल्या तिच्या पुढील अवताराने आठव्या परिशिष्टातील सर्व २२ भाषा कवेत घेतल्या.

पहिल्या प्रणालीची मांडणी आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. ती स्वतःच्या संगणकावर उभी करू इच्छिणाऱ्यास असे सांगितले होते की, प्रथम मूळ आज्ञावली उतरवून घ्यावी आणि मग तिच्याच फोल्डरात आणखी तीन भांडारे उतरवून घ्यावीत. त्यांपैकी दोन अनूप कुंचुकुट्टन यांची. भारतीय भाषांच्या मजकुरावर संस्कार करणारी ही लायब्ररी आणि तिला लागणारी सामग्री यांचा उगम मुंबई आयआयटीतील त्यांच्या संशोधनात आहे. तिसरे भांडार रिको सेनरिक यांचे. शब्दांचे लहान तुकडे पाडण्याची ही पद्धत एडिंबरा विद्यापीठातील संशोधनातून पुढे आली. म्हणजे चेन्नईच्या घरात मुंबईची दोन आणि एडिंबऱ्याचे एक, अशी तीन पाहुणी भांडारे नांदत होती. हे काही या प्रणालीचे वैगुण्य नव्हे. आज जगभर आज्ञावली अशाच रचल्या जातात. प्रश्न एवढाच की, त्या पाहुण्यांची कोणती आवृत्ती घरात आली याची नोंद कोणाकडे राहते?

२

पुढील विवेचनासाठी दोन संज्ञा निश्चित करून घेऊ. आज्ञावली आणि तिच्यात झालेल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ज्यात एकत्र राहतो त्यास रिपॉझिटरी म्हणतात. तिला येथे ‘भांडार’ म्हटले आहे. त्या इतिहासातील प्रत्येक टप्प्यास कमिट असे नाव आहे. त्यास येथे ‘नोंद’ म्हटले आहे.

तयार भाग जोडून आज्ञावली रचाव्यात, प्रत्येकाने प्रत्येक वेळी सर्व काही नव्याने लिहू नये, हा विचार डग्लस मॅक्‌इलरॉय यांनी १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत आग्रहाने मांडला. यंत्रउद्योगात तयार खिळे व चाके मिळतात, तसे आज्ञावलीचे सिद्ध भाग मिळावेत, असे त्यांचे म्हणणे होते. बदलांचा इतिहास जपणारी साधने त्यानंतर लवकरच आली. १९७२ साली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी असे एक आद्य साधन रचले. पुढे अनेक साधने येऊन गेली आणि २००५ साली लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सच्या गाभ्यासाठी ‘गिट’ तयार केले. आज बहुतेक आज्ञावलींचा इतिहास गिटमध्येच लिहिला जातो.

दुसऱ्याची आज्ञावली आपल्या प्रकल्पात आणण्याच्या मुख्यतः तीन रीती आढळतात.

पहिली रीत नकलेची. हवी ती पाने उचलून आपल्या फोल्डरात ठेवावीत. ही रीत सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वांत प्रचलित. तिच्यात मूळ भांडाराशी असलेला संबंध तत्काळ तुटतो. मूळ कर्त्याने पुढे केलेली दुरुस्ती नकलेपर्यंत पोहोचत नाही आणि नकलेत केलेली दुरुस्ती मूळ कर्त्यास कळत नाही. दहा प्रकल्पांनी दहा नकला केल्या की काही वर्षांत एकाच कृतीच्या दहा वाचना तयार होतात आणि कोणती कोणापासून निघाली हे सांगणे दुष्कर होते.

दुसरी रीत केवळ पत्त्याची. मूळ भांडार अमुक ठिकाणी आहे, ते उतरवून घ्या, एवढेच सांगावयाचे. यात मूळाशी संबंध राहतो. परंतु उतरवून घेणाऱ्यास त्या दिवशी जी शेवटची नोंद असेल ती मिळते. मार्चमध्ये आलेल्या वाचकास एक पाठ आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्यास दुसरा पाठ मिळू शकतो, आणि दोघांचीही समजूत अशी की आपण एकच साधन वापरीत आहोत. इंडिकट्रान्सच्या २०२१ च्या मांडणीत सांगितलेली रीत या प्रकारची होती.

तिसरी रीत भांडारात भांडार बसविण्याची. तिला गिटच्या परिभाषेत सबमोड्यूल म्हणतात आणि ती २००७ पासून गिटमध्ये उपलब्ध आहे. या रीतीत बाहेरचे भांडार आतल्या भांडारातील मजकूर स्वतःकडे घेत नाही. ते फक्त दोन गोष्टी लिहून ठेवते : आतल्या भांडाराचा पत्ता, आणि त्यातील नेमकी कोणती नोंद अभिप्रेत आहे तिची खूण. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे तर ग्रंथाचे नाव आणि प्रतीचा निर्देश ही दोन्ही येथे एकत्र येतात.

३

ही खूण म्हणजे काय, ते थोडक्यात पाहणे अवश्य आहे. कारण तिसऱ्या रीतीचे सारे सामर्थ्य तिच्यातच आहे.

गिटमधील प्रत्येक नोंदीचे नाव कर्ता ठेवीत नाही. नोंदीतील मजकूर, कर्त्याचे नाव, वेळ आणि आधीच्या नोंदीची खूण या सर्वांवर एक गणिती क्रिया करून ते नाव काढले जाते. प्रचलित पद्धतीत ही खूण चाळीस अंकाक्षरांची असते. मजकुरातील एक अनुस्वार बदलला तरी ती सर्वस्वी निराळी होते. आधीच्या नोंदीची खूण पुढच्या नोंदीत मिसळलेली असल्याने शेवटच्या एका खुणेत मागील साऱ्या इतिहासाची ग्वाही असते. म्हणून बाहेरच्या भांडाराने आतल्या भांडाराची एक खूण लिहून ठेवली, की त्याने तेथपर्यंतचा संपूर्ण पाठ निश्चित केला, असे म्हणावयास हरकत नाही.

आतले भांडार त्यानंतर स्वतंत्रपणे वाढत राहते. तेथे दुरुस्त्या होतात, भर पडते. परंतु बाहेरचे भांडार आपणहून हलत नाही. त्याच्या चालकाने नवा पाठ तपासून, मान्य करून, खूण बदलली तरच नवा पाठ लागू होतो, आणि हा बदलही बाहेरच्या भांडाराच्या इतिहासात तारखेसह नोंदला जातो. दुरुस्ती उपलब्ध असणे आणि दुरुस्ती स्वीकारणे या दोन क्रिया येथे स्पष्टपणे वेगळ्या होतात. एकच लायब्ररी भाषांतर, लिप्यंतर आणि वाणी अशा तीन प्रकल्पांत वापरली जात असेल, तर दुरुस्ती एकाच जागी करावी आणि प्रत्येक प्रकल्पाने ती आपापल्या सोयीने स्वीकारावी, ही व्यवस्था त्यामुळे शक्य होते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावयास हवा. भांडाराच्या फोल्डरात दुसरे भांडार नुसते आणून ठेवले, म्हणजे सबमोड्यूल झाले असे नव्हे. ते बाहेरच्या इतिहासात समाविष्ट केलेच नाही, तर त्याची कसलीही नोंद राहत नाही. ते सामान्य फायलींप्रमाणे समाविष्ट केले, तर गिट त्याची खूण लिहून घेते. पण पत्ता लिहून घेत नाही. मग पुढील वाचकाच्या हाती एक रिकामे फोल्डर आणि एक निरुपयोगी खूण येते. अलीकडील गिट अशा वेळी सूचना देते. परंतु ती सूचना न वाचता पुढे जाणारे पुष्कळ असतात. खूण आणि पत्ता ही दोन्ही एकत्र असतील तरच निर्देश पूर्ण होतो.

४

आता चेन्नईच्या उदाहरणाकडे पुन्हा वळू. पाहुण्या लायब्ररीची आवृत्ती बदलली तर साहित्याच्या अभ्यासकाचे काय बिघडते, ते पाहावयाचे आहे.

या प्रणालीत भारतीय भाषांचा मजकूर प्रथम देवनागरीत उतरविला जातो. तमिळ वाक्य असो की बंगाली, यंत्रासमोर ते देवनागरी अक्षरांत येते, जेणेकरून भाषांमधील समान शब्द समान दिसावेत. हे शक्य होते ते युनिकोडच्या रचनेमुळे. भारतीय प्रमाणसंकेत ‘इस्की’च्या धर्तीवर युनिकोडने आपल्या प्रमुख लिपींना प्रत्येकी १२८ घरे दिली आहेत आणि समान वर्ण समान क्रमांकाच्या घरांत बसविले आहेत. देवनागरीचा क ज्या घरात, त्याच क्रमाच्या घरात तमिळचा क. एका लिपीतून दुसरीत जाण्यासाठी ठराविक अंतराची बेरीज-वजाबाकी पुरते. तमिळमधील जो कठोर रकार, त्याचे देवनागरीतील घर ऱ. आणि तमिळच्या विशिष्ट ळकाराचे घर ऴ. द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठी देवनागरीत राखलेल्या या ऱ च्या घराचाच उपयोग मराठी आपला अर्धा रकार लिहिण्यासाठी करते. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील रकार तो हाच.

परंतु मराठीत हा अर्धा रकार लिहिण्याची आणखी एक रीत आहे. साधा र, हलन्त आणि त्यापुढे रुंदी नसलेले एक अदृश्य जोडचिन्ह. छापील पानावर दोन्ही रीती एकसारख्या दिसतात; यंत्राच्या दृष्टीने मात्र त्या दोन निराळ्या वर्णमाला आहेत. भाषासंस्काराच्या लायब्ररीचे एक मुख्य काम अशा भिन्न लेखनांना एकरूप करणे हे असते.

समजा, अशा एखाद्या लायब्ररीच्या एका आवृत्तीत हे अदृश्य चिन्ह निरर्थक म्हणून गाळले जाते, आणि पुढील आवृत्तीत मराठीचा विचार करून ते गाळण्यापूर्वी त्याचे ऱ मध्ये रूपांतर केले जाते. दोन्ही निर्णयांमागे काही कारण असू शकेल. पण पहिल्या आवृत्तीतून गेलेल्या मजकुरात ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होईल आणि डोंगरातील खोलगट भूमी समुद्र बनेल. ‘आचाऱ्यांना बोलवा’ या वाक्याचे ‘आचार्यांना बोलवा’ होईल आणि स्वयंपाकघरातील माणूस मठात जाऊन बसेल. व्याकरण शिकविताना हे उदाहरण आपण हसत हसत देतो. परंतु एखाद्या अभ्यासकाने लक्षावधी शब्दांच्या संग्रहातून ‘आचार्य’ या शब्दाची वारंवारता काढली आणि तीवर काही सिद्धान्त उभारला, तर त्या सिद्धान्तात किती आचारी मिसळलेले आहेत हे त्यास कसे कळावे? लायब्ररीची खूण नोंदलेली असेल तरच दुसरा अभ्यासक तीच आवृत्ती उतरवून, तोच संग्रह तीतून काढून, हा घोटाळा शोधू शकेल. नोंद नसेल तर दोघांचे आकडे जुळणार नाहीत, आणि का जुळत नाहीत हेही सांगता येणार नाही.

याहून एक खोल कारण आहे. भाषांतराचे यंत्र ज्या मजकुरावर शिकविले जाते, तो मजकूर आधी या लायब्ररीने संस्कारलेला असतो आणि मग शब्दांचे तुकडे पाडणाऱ्या दुसऱ्या साधनातून गेलेला असतो. यंत्र ज्या रूपांवर शिकले तीच रूपे ते ओळखते. शिकवणीच्या वेळी एक आवृत्ती आणि वापराच्या वेळी दुसरी, असे झाले, तर नवी आवृत्ती स्वतः कितीही निर्दोष असली तरी यंत्रासमोर अपरिचित तुकडे येतात आणि भाषांतर बिघडू शकते. म्हणजे येथे सुधारलेला पाठ हा नेहमी योग्य पाठ नसतो. शिकवणीशी जुळणारा पाठ योग्य असतो. नेमकी आवृत्ती नोंदणे हा केवळ दप्तराचा शिष्टाचार नसून शुद्धतेची अट आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते ते यामुळे.

५

मराठीच्या अभ्यासकास हा प्रश्न अपरिचित वाटू नये. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. त्यानंतरच्या सुमारे तीन शतकांत तिच्या प्रतींवरून प्रती होत गेल्या, जुने शब्द बदलले गेले, पाठ अशुद्ध झाले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रतींचे संशोधन करून पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी स्वतःची भर घालू नये अशी ताकीद दिली. पुढे १९०९ साली राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि पाठाचा वाद नव्याने उभा राहिला. या साऱ्या खटाटोपाचे मूळ एकाच गोष्टीत आहे. पोथीच्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव, शक आणि स्थळ आढळते. परंतु ही प्रत कोणत्या प्रतीवरून उतरविली याचा उल्लेख पुष्कळदा नसतो. नकलेच्या पहिल्या रीतीचा दोष तो हाच.

तथापि साम्य ताणू नये. लेखनिक नवा पाठ लिहितो तेव्हा जुनी पोथी तशीच राहते. पत्त्याच्या दुसऱ्या रीतीत वाचकाच्या नकळत पाठ बदलत राहतो. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. गिटची खूण ही पाठाच्या शुद्धतेची ग्वाही नव्हे. ती केवळ तादात्म्याची ग्वाही आहे. हा पाठ तोच आहे एवढेच ती सांगते, तो योग्य आहे असे सांगत नाही. योग्यायोग्यतेचा निर्णय संपादकानेच करावयाचा असतो. खुणेमुळे एवढेच साधते की, निर्णय कशाविषयी करावयाचा ते निश्चित होते.

६

भांडारात भांडार बसविण्याच्या रीतीवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप गैरसोयीचा. बाहेरचे भांडार नेहमीच्या रीतीने उतरविले असता आतली फोल्डरे रिकामी येतात. ती भरण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. नवख्या माणसास साधन मोडले आहे असेच वाटते. आतल्या भांडारात कोणी दुरुस्ती केली, तर ती प्रथम आतल्या भांडाराच्या मूळ स्थानी पोहोचवावी लागते आणि मगच बाहेरची खूण बदलून पाठवावी लागते. हा क्रम उलटला तर बाहेरची खूण अशा नोंदीकडे बोट दाखविते जी इतर कोणाकडेच नाही. शिवाय, आतले भांडार निश्चित केलेल्या नोंदीवर उघडले जाते तेव्हा ते कोणत्याही शाखेवर नसते. त्या अवस्थेत केलेले काम शाखेशी जोडले नाही तर दृष्टिआड होते. ज्यांना ही शिस्त जड वाटते ते ‘सबट्री’ नावाच्या रीतीने आतल्या भांडाराचा मजकूर आपल्याच भांडारात विलीन करून घेतात. तेथे रिकाम्या फोल्डराचा प्रश्न उरत नाही, परंतु आपले कोणते आणि उसने कोणते ही सीमारेषा पुसट होते.

दुसरा आक्षेप असा की, सिद्ध लायब्ररींना आवृत्तिक्रमांक असतात. तो लिहून ठेवला की पुरे. स्थिरावलेल्या लायब्ररीपुरते हे खरे आहे, आणि तेथे क्रमांकाचा निर्देश अधिक सुटसुटीतही ठरतो. परंतु संशोधनातील आज्ञावली बहुधा दोन क्रमांकांच्या मधल्या अवस्थेत वापरली जाते. तसेच, आज्ञावली आणि तिची सामग्री अशी दोन भांडारे असतील, तर कोणत्या आज्ञावलीबरोबर कोणती सामग्री हे दोन खुणांनीच निश्चित होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. खूण आणि पत्ता दोन्ही असूनही मूळ भांडारच नाहीसे झाले तर? मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या अकरा ओळींची आज्ञावली तिच्या कर्त्याने सार्वजनिक संग्रहातून काढून घेतली, आणि तिच्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प काही काळ उभे राहीनासे झाले. ग्रंथाचा निर्देश अचूक असूनही ग्रंथालय जळाले तर जी अवस्था होते, ती ही. यावर उपाय व्यक्तीने करावयाचा नसून संस्थांनी करावयाचा आहे. फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने २०१६ साली ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा आज्ञावलींचा संग्रह याच हेतूने लोकांसमोर आणला. भारतीय भाषांच्या आज्ञावलींचे जतन करणे हेही आपल्या विद्यापीठांनी आपल्या ग्रंथालयांचे काम मानावयास हवे. पोथ्यांसाठी तंजावरला जे झाले ते आज्ञावलींसाठी होऊ नये असे नाही.

७

निष्कर्ष थोडक्यात असा. दुसऱ्याची आज्ञावली वापरणे यात उणेपणा काहीच नाही. भारतीय भाषांसारख्या अल्पसाधन क्षेत्रात ते आवश्यकच आहे. मुंबईत रचलेले चेन्नईत उपयोगी पडावे आणि चेन्नईत सुधारलेले पुन्हा मुंबईस मिळावे, यातच सर्वांचे हित आहे. परंतु पत्ता आणि खूण यांची जोडी नसलेली उसनवारी ही कालांतराने केवळ एक नवी, आधार हरवलेली प्रत ठरते. म्हणून प्रकल्प चालविणाऱ्यांनी पाहुण्या भांडारांच्या खुणा आपल्या भांडारात नोंदवाव्यात. आणि अशा साधनांच्या आधारे लेखन करणाऱ्या साहित्याभ्यासकांनी, पोथीचा निर्देश करतो त्याच काटेकोरपणे, साधनाचे नाव, त्याची आवृत्ती, आतील लायब्ररींच्या खुणा आणि वापराची तारीख लेखात द्यावी. खुणेची पहिली सातआठ अंकाक्षरेही बहुधा पुरतात. एवढ्या एका ओळीने पुढील अभ्यासकास आपल्या मार्गाने परत चालत येता येईल, आणि आचाऱ्यांच्या पंगतीत आचार्य कोठून येऊन बसले हे त्यास शोधून काढता येईल.